स्कारूपचं प्रकाशजल

रविवारी सकाळी लुंडेविगच्या मैदानात अख्खं गाव लोटलं होतं. मुलांच्या लाकडी किल्ल्याभोवती माणसं टाचा उंचावून उभी होती आणि मधोमध पांढऱ्या सदऱ्यातला प्रेबेन स्कारूप डोळे मिटून एका खांबाशी गुणगुणत होता.

खांब हिरवट होता. लाकूड कुजू नये म्हणून पूर्वी त्यात तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक, म्हणजे चक्क सोमल, मुरवत. तो हळूहळू बाहेर झिरपतो, मुलांच्या तळहातांना लागतो, तिथून तोंडात जातो. हे कळल्यापासून नगरपालिकेनं किल्ल्याभोवती दोर बांधला होता आणि पुढचा निर्णय टाळला होता. तेवढ्यात हा स्कारूप उगवला.

"बघा हं!" त्यानं एका बाटलीतून फवारा मारला. लाकूड गडद निळं झालं. "हे विष! तुमच्या लेकरांच्या रक्तात हेच भिनतंय. आता शेजारचा खांब. याला आधी माझं प्रकाशजल!"

दुसऱ्या बाटलीचा फवारा उडाला, तांब्याचं कडं हवेत फिरलं, घशातल्या घशात पुन्हा गुणगुण झाली. मग पहिली बाटली. निळा रंग आलाच नाही.

टाळ्यांचा कडकडाट झाला. नगराध्यक्ष ओवे क्राग यांचे डोळे पाणावले. पाणावणारच, किल्ला पाडायची कटकट आयती टळत होती. "पुढच्या रविवारी दोर सोडतो!" त्यांनी जाहीर करून टाकलं. जुळ्या मुलींची आई लोने तर पोरींना पुढे घेऊन गेली. स्कारूपच्या सांगण्यावरून त्या दोघींनी 'शुद्ध' खांबाला गाल लावले.

माझ्या खांद्यावर बसलेली चार वर्षांची सिग्ने ओठ चाटत म्हणाली, "बाबा, त्या काकांचं पाणी उडालं. आंबट आहे."

मी तिला चूळ भरायला लावली आणि तडक बोडिल रास्कबाईंचं घर गाठलं. शाळेत त्यांनी आम्हाला रसायनशास्त्र शिकवलं होतं.

"कसं आंबट गं?" बाईंनी वाकून विचारलं. "नाकात जाणारं, व्हिनेगरसारखं?"

"नाही. लिंबासारखं."

बाईंनी लगेच कोट चढवला. दोर ओलांडून दोन्ही खांब वेगवेगळ्या ओल्या फडक्यांनी पुसले आणि फडकी प्रयोगशाळेत पाठवली.

पुढच्या रविवारी क्राग कात्री घेऊन उभे असताना बाई पुढे झाल्या. "स्कारूप, एक खांब मी शुद्ध करू का?"

"बाई, त्याला साधना लागते."

"मला केटली लागते."

लोने उसळली. "पोरं इतके दिवस घरात कोंडलीत! तुम्हाला मुलंबाळं नाहीत, तुम्हाला काय कळणार?"

बाईंचा चेहरा क्षणभर उतरला, पण त्या हटल्या नाहीत. पिशवीतून त्यांनी साधी फवाऱ्याची बाटली काढली. "केटलीत साठणारा पांढरा थर काढायला तुम्ही सगळे जी पावडर वापरता, ती पाण्यात विरघळवली आहे. सायट्रिक आम्ल, लिंबात असतं तेच." त्यांनी न गुणगुणता एक खांब भिजवला. "आता क्राग, यांची तपासणीची बाटली तुम्हीच मारा."

क्रागनी मारली. खांब हिरवाच राहिला.

"अभिनंदन! तुम्हीही सिद्धपुरुष झालात."

कुणीतरी फिसकन हसलं. बाई मात्र हसल्या नाहीत. "यांची पहिली बाटली सोमल दाखवतच नाही. तिचा फवारा तांब्यामुळे निळा होतो. आधी आम्ल मारलं की ते तांब्याला धरून ठेवतं आणि रंग उमटत नाही. विष जागच्या जागी! प्रयोगशाळेला दोन्ही फडक्यांवर सोमल सापडला. यांनी शुद्ध केलेल्या खांबावर जास्त, कारण आम्लानं तो आणखी बाहेर ओढला."

"नकारात्मक लहरी!" स्कारूप किंचाळला. "अश्रद्धेनं शक्ती कोमेजते!"

"माझ्या पोरींनी त्याला गाल लावले," लोने हळूच म्हणाली. मग तिचा आवाज चढला. "तुमच्या सांगण्यावरून! बोला ना आता!"

तो बाटल्या गोळा करून गाडीकडे चालू लागला. लोने बाईंकडे वळली. बाईंनीच विचारलं, "घरी जाऊन साबणानं धुतले होते ना गाल?" तिनं होकारार्थी मान हलवली. "मग घाबरू नकोस. एका दिवसानं काही होत नाही. रोज लागत राहिलं तर घात होतो."

त्याच आठवड्यात किल्ला उतरवला, खालची वाळूही उपसून नेली. क्राग हल्ली त्या रविवारचा विषय काढत नाहीत. स्कारूप दुसऱ्या गावात दुकान मांडून बसला असेल, अशा माणसाला गावांची वाण पडत नाही.

म्हणून सांगतो. डोळ्यांदेखत रंग बदलला की टाळ्या वाजवू नका. बाटलीत काय आहे ते विचारा, ती नेमकं काय तपासते ते विचारा, आणि दुसऱ्या कुणाकडून पडताळून घ्या. उत्तराऐवजी गुणगुण ऐकू आली, तर मुलाचा हात धरा आणि घरी चालू लागा.