हडळीच्या स्लिपरा

भुतांच्या बाबतीत सायली फार कडक होती. तळवड्याच्या ज्या छोट्या कारखान्यात ती हिशेब बघायची, तिथं तिचं मत कुणी विचारत नसे. साहेब तर ‘मॅडमना विचारून सांगतो’ म्हणायचे आणि न विचारताच सांगायचे. पण फोनवरच्या ‘भुताटकी कट्ट्या’वर तिच्या शब्दाला वजन होतं. कट्ट्यावर चाकणच्या शिफ्टवाले होते, आयटीतले होते, एक नर्स होती, आणि सगळ्यांना भुताच्या सिनेमाचं वेड होतं. भूत पडद्यावर दाखवावं की नुसतं दार वाजवावं, यावरून तिथं आठवडाभर भांडणं चालत. कुणी म्हणे, आत्ताचे चकचकीत भयपट म्हणजे भुतांच्या फेशियलच्या जाहिराती. कुणी म्हणे, आवाज मोठा करून दचकवणं ही भीती नव्हे, ती फसवणूक.

सायलीनं एकदा लिहिलं होतं, ‘अनोळखी भुताला कोण भितंय? भीती वाटते ती आपलं माणूस समोर असून आपल्याला ओळखू येईना झालं की.’ ते वाक्य कट्ट्याचा म्होरक्या गणराज यानं ग्रुपच्या माथ्यावर लावून टाकलं. गणराज मूळचा लातूरकडचा, चाकणला क्वालिटी डिपार्टमेंटला. दिवसभर पार्टमधले दोष शोधायचा आणि संध्याकाळी सिनेमातले.

या कट्ट्याचं दैवत एकच, ‘किंकाळी बाभुळवनाची’. तीसेक वर्षांपूर्वी चऱ्होलीत लग्नाच्या कॅसेटी काढणाऱ्या कुणीतरी लग्नाच्याच कॅमेऱ्यावर काढलेला सिनेमा. जत्रेत तंबू ठोकून दाखवला आणि विसरला गेला. मग कुणाच्या तरी पुतण्यानं तो नेटवर चढवला आणि पोरं वेडी झाली. त्यात हडळ प्रकट व्हायच्या आधी पडद्यावर गुलाबाच्या पाकळ्या उधळतात, कारण माणसाकडे मिक्सिंगचं तेवढंच यंत्र होतं. पाटलाचा खून होतो आणि त्याचा चेहरा बदामाच्या आकारात बारीक होत जातो. आणि पांढरं लुगडं नेसलेली, केस मोकळे सोडलेली हडळ बाभळीतून धावत सुटते तेव्हा तिच्या पायात निळ्या पट्ट्याच्या रबरी स्लिपरा असतात. लख्ख दिसतात.

तो लग्नाच्या कॅसेटी काढणारा माणूस म्हणजे सायलीचे वडील, नानासाहेब. आणि ती हडळ तिची आई, कौशल्याबाई.

हे कट्ट्यावर कुणाला माहीत नव्हतं. सायली लग्न होऊन संत तुकाराम नगरला आली, आडनाव बदललं, लपवणं सोपं झालं. सिनेमाची पहिली चर्चा निघाली तेव्हा ती गप्प होती. मग कुणीतरी विचारलं, ‘ताई, तुमचं मत? एवढ्या गप्प का?’ तिला वाटलं, कुणालातरी वास लागला. तिनं घाईनं लिहिलं, ‘हडळीचे पाय उलटे असतात म्हणतात. हिच्या तर स्लिपरासुद्धा सरळ.’

हसून हसून लोकांचे फोन गरम झाले. त्या दिवसापासून कट्ट्याचा नेम ठरला. ‘किंकाळी’ बघायची तर पिशवीत निळी स्लिपर आणायची, आणि हडळ धावली की सगळ्यांनी ती वर करून ताईचं वाक्य एका सुरात म्हणायचं. सायलीनंही दोनदा वर केली होती. एकदा तर सगळ्यांच्या आधी.

त्या श्रावणात एका संध्याकाळी नानांचा फोन आला. चऱ्होलीच्या एका नव्या सोसायटीतल्या क्लब हाऊसमध्ये आपला सिनेमा लावतायत, आपल्याला नारळ-शाल देणार आहेत, कुणी गणराज म्हणून पोरगा आहे, फार सज्जन, सिनेमाच्या शेवटी ‘नाना व्हिडिओ, चऱ्होली’ लिहिलेलं वाचून शोधत घरापर्यंत आला. इतकं सगळं ते एका दमात बोलले. मग हळूच म्हणाले, “तुझी आई बी येती म्हनतीय.”

हे खरं मोठं होतं. जत्रेत सिनेमा लागला त्यानंतर गावातली पोरं कौशल्याबाईंच्या मागं ‘हडळ आली, हडळ आली’ करत पळायची. पाणवठ्यावर बायका पदर तोंडाला लावायच्या. नाना पुन्हा कॅमेऱ्याला मुंडावळ्यांपलीकडे काही दाखवायला धजावले नाहीत, आणि घरात त्या सिनेमाचं नाव निघत नसे. आता त्या म्हणत होत्या की एवढी शिकलेली पोरं बोलावतायत म्हणजे काहीतरी असंलच त्यात.

नानांनी विचारलं, तू येशील ना. सायली म्हणाली, रविवारी कंपनीत स्टॉकची मोजणी आहे. कंपनीत मोजण्यासारखा स्टॉक कधीच नसतो हे नानांना ठाऊक असायचं कारण नव्हतं.

पुढचे दिवस तिचे फार वाईट गेले. गणराजला एक फोन करायचा होता, बस. म्हणायचं होतं, ते माझे आई-वडील आहेत, त्यांच्यासमोर स्लिपरा नका काढू, आमच्या गावात पायताण उचलणं म्हणजे काय ते त्यांना एकच ठाऊक आहे. दोनदा नंबर लावला आणि रिंग जायच्या आत कापला. कारण पुढचा प्रश्न ठरलेला होता. मग ते वाक्य तुम्ही लिहिलंत कसं, ताई?

शेवटी तिनं कट्ट्यावर एक सर्वसाधारण मत टाकलं. पाहुणे वयस्कर आहेत, चपला वगैरे दाखवणं जरा हलकं वाटतं. लगेच उत्तरं आली. ‘ताई म्हाताऱ्या झाल्या.’ ‘ताई, गंगोत्री तुम्ही आणि आता गंगा बंद करा म्हणता?’ गणराजनं तेवढं गोडीत लिहिलं की त्यांना आपण समजावून सांगू, प्रेमानंच करतोय आपण. सायलीनं त्यावर एक अंगठा दाबला. अंगठा दाबण्याइतकी सोपी गोष्ट दुसरी नाही.

रविवारी दुपारी ती गेलीच. घरी राहिली असती तर बरं झालं असतं, पण ते तिला जमलं नाही. क्लब हाऊसमध्ये गालिचा होता म्हणून पायताणं बाहेर काढायची होती. ती उशिरा, दिवे मालवल्यावर आत शिरली आणि शेवटच्या रांगेत खांबाआड बसली. पुढं नाना दिसत होते. इस्त्रीचा सफारी, खांद्यावर नुकतीच मिळालेली शाल. शेजारी आई, डोक्यावरून पदर, मांडीवर नारळ.

सिनेमा सुरू झाला. पाकळ्या उधळल्या, लोक हसले. नानांनी मागं वळून पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावरही हसू होतं, पण ते समजून आलेलं नव्हतं. पाहुण्यानं यजमानासाठी हसावं तसं होतं. बदामात पाटील बारीक झाला तेव्हा टाळ्या पडल्या आणि नाना जरा सैलावले. आईच्या कानात काहीतरी बोलले. आईनं मान हलवली. सायलीला वाटलं, निभावेल.

मग बाभळी आल्या. आता तिथं उभ्या राहिलेल्या इमारतींपैकी एकीत हे सगळे बसले होते, पण पडद्यावर नुसतं काटेरी रान होतं आणि त्यातून तिची आई धावत येत होती. तरणी, सडसडीत, केस मोकळे. पिशव्या कुरकुरल्या. खोलीभर हात वर गेले आणि प्रत्येक हातात निळी स्लिपर.

“हिच्या तर स्लिपरासुद्धा सरळ!”

नाना उठून उभे राहिले. पडद्याचा उजेड त्यांच्या पाठीवर होता. त्यांनी त्या वर झालेल्या पायताणांकडे एकदा पाहिलं, बायकोकडे पाहिलं, आणि हात जोडले.

“चुकलं आसंल तर माफी असावी,” ते म्हणाले. “पण त्या बाईला काय बोलू नका. स्लिपरा तिनं काढल्या हुत्या. मीच म्हनलं, घाल.”

कुणीतरी सिनेमा थांबवला. पडद्यावर आईचा एक पाय हवेत राहिला. दिवे लागले. हात खाली आले, पण स्लिपर हातात असली की ती नेमकी कुठं ठेवावी हे माणसाला कळत नाही.

“समदीकडं काटं हुतं,” नाना म्हणाले. “मोठं, पांढरं. कॅमेऱ्यातनं दिसत हुत्या मला बी, आंधळा न्हाई मी. म्हनलं दिसू द्या. पिच्चर काय, पडंल न्हाईतर चालंल. आनवानी कशी पळवायची बाईमानसाला त्यातनं.”

गणराज पुढं धावला. बिचारा तिथल्या तिथं घामेघूम झाला होता. काका, तसं नाही, ही आमची पद्धत आहे, आम्हाला हा सिनेमा पाठ आहे, तुम्ही आमच्यासाठी फार मोठे आहात, असं काहीबाही बोलत राहिला. नाना ऐकत होते, पण हात सोडत नव्हते. गणराजनं मदतीसाठी इकडंतिकडं पाहिलं आणि खांबाआडची सायली त्याला दिसली. बुडत्याला काडी दिसावी तशी.

“सायलीताई, तुम्ही सांगा की ओ ह्यांना. काका, ह्या आमच्या सायलीताई. ते वाक्य ह्यांचंच आहे. ह्यांनीच सुरू केलं हे सगळं, दोन वर्षं झाली. प्रेमानंच केलंय का नाही, ह्यांनाच विचारा.”

सगळ्यांनी वळून पाहिलं. नानांनीही. आईनंही.

सायली उभी राहिली. नानांची नजर तिच्यावर होती. त्या नजरेत पहिल्यांदा स्टॉकची मोजणी आली असावी, मग ते वाक्य, मग ती दोन वर्षं. एवढं सगळं यायला फार वेळ लागत नाही. ते काहीतरी बोलणार होते. मग त्यांनी भोवतीच्या पोरांकडे पाहिलं, पुन्हा तिच्याकडे पाहिलं, आणि जोडलेले हात जरासे तिच्या बाजूला वळवले.

“नमस्कार, बाई,” ते म्हणाले. “चांगलं लिवता तुमी.”

आणि खाली बसले. आईनं तर मान वळवून घेतली होती. नारळाची शेंडी ती बोटानं नीट करत होती.

झाकलं त्यांनी तिला. एवढ्या लोकांत काही टोचू नये म्हणून. सायलीला ते कळलं आणि तरी ती बोलली नाही. उलट, तिला सुटल्यासारखं वाटलं, आणि त्याचीच तिला सगळ्यात जास्त लाज वाटली.

सिनेमा पुढं लावला, पण कुणी हसलं नाही. त्यामुळं तो फारच वाईट दिसला.

संपल्यावर पोरं एकेक करून नानांच्या पाया पडली आणि बाहेर गेली. ती स्लिपर परत घरी न्यायला कुणाचा हात होईना. दाराबाहेर, जिथं सगळ्यांची पायताणं होती, तिथंच प्रत्येकानं हळूच टाकली. हा निळा ढीग झाला. नानांच्या चपला कडेला सापडल्या. कौशल्याबाई मात्र ढिगापाशी उभ्या राहून बघत राहिल्या. त्याही रबरी स्लिपरच घालत आल्या होत्या, आजही, निळ्या पट्ट्याच्याच. गुडघ्यांमुळं वाकता येत नव्हतं. पुढं पार्किंगपर्यंत खडी पसरलेली होती. गणराज एकेक स्लिपर उचलून, ही का हो काकू, ही का, असं विचारत होता आणि त्या मान हलवत होत्या.

सायली दारात होती. तिथून सरळ तिच्या स्कूटरपर्यंत जाता आलं असतं. नानांनी तिच्याकडे पाठ करून तेवढी वाट मोकळी ठेवली होती.

ती ढिगाशी खाली बसली. स्लिपरा उलट्या करून तळवे बघू लागली. पट्टा निसटू नये म्हणून गेल्या दिवाळीत तिनंच आईच्या उजव्या स्लिपरेला खालून सेफ्टी पिन अडकवली होती. नवीन आणते म्हटलं तर आई ऐकेना. पिन सापडली. मग डावी सापडली. तिनं दोन्ही आईच्या पायांपुढं सरळ ठेवल्या आणि आईचा घोटा धरून एकेक पाय आत सरकवला.

“तुम्हाला कसं कळलं, ताई?” गणराजनं विचारलं.

“पिन मी लावलीय,” सायली म्हणाली. मग मान वर केली नाही, पण आवाज सगळ्यांना जाईल एवढा काढला. “आई आहे माझी. आणि हे माझे वडील.”

पार्किंगमध्ये निघालेली माणसं थांबली. गणराजच्या हातात अजून एक स्लिपर होती. ती त्यानं पाठीमागं नेली.

“त्येनी झाकलं हुतं की,” आई हळूच म्हणाली. “तू कशाला उघडं केलंस?” रागानं नाही म्हणाली. नीट लावलेला पदर सरकल्यावर म्हणावं तसं म्हणाली.

सायलीनं स्कूटर तिथंच ठेवली आणि तिघं रिक्षात बसली. आई मध्ये. गेटबाहेर रिक्षा वळली तेव्हा नानांनी शालीची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली.

“एक सांग,” ते म्हणाले. तिच्याकडे न बघताच. “तुला कळतं म्हनं त्यातलं. भ्या न्हाई का वाटलं कुनालाच? येकदा बी?”

ती सात वर्षांची होती. जत्रेच्या तंबूत पडद्यावर आई धावत होती आणि तंबूत आई शेजारी बसली होती, आणि तरी ती इतकी किंचाळली होती की नानांनी तिला उचलून बाहेर नेलं होतं. पुढं कितीतरी दिवस ती झोपेत आईचे पाय चाचपायची.

“मला वाटलं होतं, नाना,” ती म्हणाली. “लई वाटलं होतं.”

नानांनी मान डोलावली. बराच वेळ डोलावत राहिले. आईनं मांडीवरचा नारळ उचलून सायलीच्या मांडीवर ठेवला आणि गुडघा चोळायला हात मोकळा केला.