मखमली पट्टी

मामाचं चष्म्याचं दुकान आणि भाची वेबसाइट बनवणारी. तेव्हा दुकानाची वेबसाइट कुणी करायची, हा प्रश्न घरात कुणाला पडलाच नाही.

भाचीने जीव ओतून काम केलं. पानाच्या माथ्यावर तिने एक पट्टी ठेवली. पान सरकवलं की मजकूर त्या पट्टीखाली जाऊन विरघळायचा. माथ्याशी गच्च धूसर, खाली येईल तसा हळूहळू स्वच्छ.

"मखमल आहे, मामा, मखमल!"

मामाने मान डोलावली. त्या पडद्यावरचं त्याला फारसं कळत नव्हतं, पण भाचीचा उत्साह कळत होता.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडतंय तोच शेजारचा शिंपी धावत आला. "डोळे तपासा! वरच्या बाजूचं सगळं धूसर दिसतंय." मामाने तपासले. डोळे ठणठणीत. त्याच्या पाठोपाठ भाचीच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका आल्या. "मोतीबिंदू असेल तर स्पष्ट सांगा, मी रडणार नाही," असं म्हणत त्यांनी आधीच रुमाल काढला होता. त्यांचेही डोळे उत्तम.

"बाई, धूसर नेमकं कुठे दिसलं?"

"तुमच्याच वेबसाइटवर!"

मामाने कपाळाला हात लावला आणि भाचीला बोलावून घेतलं. ती लॅपटॉप घेऊन आली.

"अगं, लोकांना नीट दिसावं म्हणून दुकान टाकलंय, आणि तू त्यांना घरबसल्या आंधळं करतेस?"

"काहीतरीच काय! जेमतेम बोटभर तर धूसर आहे."

"बोटभर? अर्धं पान गिळलंय!"

"कुठे? हे बघ, इथून सगळं स्वच्छ."

मामाने तिच्या बोटाखाली पाहिलं. तिथे दुकानाचा फोन नंबर होता, आणि तो ब्रह्मदेवालाही वाचता आला नसता.

मामाचा राग उतरला. "बस त्या खुर्चीत. तक्त्यावरची तिसरी ओळ वाच."

"तिसरी? दोनच तर आहेत."

"तरीच फळ्यावरचं उतरवताना इतक्या चुका करायचीस!" मुख्याध्यापिका म्हणाल्या.

मामाने तपासणीची जड फ्रेम तिच्या नाकावर चढवली आणि एकेक भिंग बदलत गेला. तक्त्यावर आठ ओळी उगवल्या. मग भाचीने लॅपटॉपकडे पाहिलं.

"ई! हे कुणी केलं?"

तिने तिथेच बसून पट्टी पार बारीक केली, फोन नंबर मोकळा केला. मग कौतुकाने दुकानभर नजर फिरवत ती मामापाशी थांबली.

"मामा, तुझे केस इतके पांढरे कधी झाले रे?"

"काढ ती फ्रेम," मामा म्हणाला.