बिजलीच्या पाठीवरचा हात

मित्रांनो, मला एका जागी फार वेळ बसता येत नाही, म्हणून हे सगळं उठत-बसतच सांगते. मी बिजली, जंगलखात्यातून निवृत्त झालेली एक म्हातारी कुत्री. बालाघाटला गुणाकरच्या घरी, पुढच्या ओसरीत राहते.

मी दहा महिन्यांची होते तेव्हा खात्याने मला वनरक्षक गुणाकरच्या हाती दिलं. वास घ्यायचा, शोधायचं, सापडलं की भुंकायचं नाही, नुसतं बसायचं, एवढं मी शिकले. राजेगावच्या नाक्यावर कितीतरी ट्रक आम्ही दोघांनी तपासले. एकदा धानाच्या पोत्यांखाली दडवलेलं चितळाचं कातडं मी शोधून काढलं, तेव्हा साहेबांनी माझ्या गळ्यात झेंडूचा हार घातला होता. मी तो अर्धा खाल्ला.

मग एका पावसाळ्यात चढावरून पाय घसरला आणि मी बांबूच्या बेटात कोसळले. मागचा डावा पाय मी तेव्हापासून ओढत चालते. खात्याने मला निवृत्त केलं आणि गुणाकरने घरी आणलं.

पण घरी मला करायला काही नव्हतं. पाय थकलेला, नाक मात्र जागं. मी ओसरीपासून फाटकापर्यंत जायची, परत यायची, पुन्हा जायची. शेजारच्या लोकांनी तक्रार केली, तशी मला साखळी लागली. गुणाकरला नवी कुत्री मिळाली होती. संध्याकाळी तो घरी आला की त्याच्या वर्दीला तिचा वास यायचा. तो माझ्या डोक्यावर हात ठेवून लगेच आत जायचा, आणि मी साखळी ताणून उभी राहायची.

त्याची मुलगी अबोलीसुद्धा माझ्यासारखीच, घडीभर स्वस्थ नसायची. बी.एस्सी. झाली, दोन नोकऱ्या धरल्या, दोन्ही सोडल्या. एक दिवस तिने कुत्र्यांच्या मालिशच्या शिक्षणात नाव घातलं. शिकवणी मोबाईलवर, प्रात्यक्षिक गोंदियाला, दर रविवारी.

तिची आई पुष्पलता भाजी निवडत होती. ती म्हणाली, "कुत्र्याची मालिश? लोकं काय म्हणतीन, बाई?"

"म्हणू दे, मम्मी. सरावाले कुत्रा पायजे, तो आपल्या घरीच आहे."

पहिल्या दिवशी ती कोमट तेलाची वाटी घेऊन आली. बाळाला चोळतात तशी माझी मांडी चोळू लागली. मी तोंड फिरवलं. मी ओठ चाटले. मी अंग ताठ केलं. तिचं लक्ष मोबाईलमधल्या चित्राकडे होतं. शेवटी मी तिच्या मनगटाला चावले.

रक्त पाहून पुष्पलताच्या हातातलं ताट खाली पडलं. "उद्याच्या उद्या हिले राजेगावले माह्या भावाच्या शेतावर पाठवा," ती गुणाकरला म्हणाली. गुणाकरने खाली पडलेलं ताट उचललं आणि तो आत गेला. माझ्याकडे त्याने पाहिलंही नाही, ते मला साखळीपेक्षा जड वाटलं.

अबोली पट्टी बांधून बाहेर आली. "मम्मी, चूक माही आहे. तिनं तीनदा सांगितलं, मीच पायलं नाही. तिले पाठवशीन तर मीही जातो."

मी राहिले.

त्यानंतर तिने तेल बाजूला ठेवलं. गोंदियाला शिकवणाऱ्या सत्यभामा मॅडमनी तिला सांगितलं होतं, की महिनाभर दाबायचं नाही, नुसता तळहात ठेवायचा आणि कुत्र्याचा श्वास मोजायचा. ती माझी साखळी काढून बसायची. मी उठून जायची. ती बोलवायची नाही. पहिल्या आठवड्यात मी तिच्याजवळ दोन मिनिटंसुद्धा टिकले नाही. तिसऱ्या आठवड्यात खांद्यावर तिचा हात असताना भरदुपारी मला झोप लागली. जाग आल्यावर मलाच नवल वाटलं. हळूहळू तिची बोटं मान, पाठ, कंबर शिकली.

परीक्षेच्या रविवारी गुणाकरने सुट्टी काढली आणि आम्हाला गाडीने गोंदियाला नेलं. अर्ध्या तासात नाकापासून शेपटीपर्यंत सगळ्या अंगाची मालिश करून दाखवायची होती. मी चारदा उठले. पाठ झाली. मग तिचा तळहात माझ्या डाव्या मांडीच्या आतल्या बाजूला आला आणि थांबला.

"इथं गरम लागून राह्यलं," ती म्हणाली. "काल नव्हतं. आत काहीतरी टणक आहे."

"वेळ चालू आहे," मॅडम म्हणाल्या. "ती जागा सोड, बाकीचं करून दाखव."

"नाही मॅडम. आधी डॉक्टरले दाखवतो. मी पुढे नाही करत."

"मग मला अपूर्ण लिहावं लागेल."

"हौ, लिहा."

गुणाकर दाराशी उभा होता. तो आत आला आणि त्याने मला दोन्ही हातांवर उचललं. किती वर्षांनी त्याने मला असं उचललं होतं.

डॉक्टरांनी मांडी चिरली तेव्हा आत पू साचला होता आणि त्यात नखाएवढी बांबूची कपची निघाली. त्या पडण्यातली. इतके दिवस ती मांसात गप्प राहिली होती. "हे चोळलं असतं तर सगळ्या अंगात पसरलं असतं," डॉक्टर म्हणाले. गुणाकर भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. परतीच्या वाटेवर तो एवढंच म्हणाला, "इतके दिवस इले दुखत होतं, आन मी म्हणत होतो, ही म्हातारी चिडकी झाली."

दोन महिन्यांनी अबोलीने परीक्षा पुन्हा दिली आणि पास झाली. आता वारासिवनीहूनही लोक आपली कुत्री घेऊन येतात. मागच्या आठवड्यात गुणाकरने नव्या कुत्रीला घरी आणलं. "हिचे खांदे पाहून दे जरा," तो लेकीला म्हणाला, "आन मलेही शिकव." मी गुरगुरले, पण जागेवरून उठले नाही.

मित्रांनो, मी अजून पाय ओढतच चालते आणि चैन मला अजूनही पडत नाही. तुमच्या घरीही एखादं म्हातारं जनावर सारखं येरझारा घालत असेल. त्याला बस म्हणून दटावू नका, बांधू नका. त्याच्या अंगावर हात ठेवा आणि ते काय सांगतं याची वाट पाहा. अबोली तेच करते. मी मध्येच उठते, ती अडवत नाही. फाटकापर्यंत जाऊन मी परत येते, तेव्हा तिचा तळहात तिथेच उघडा असतो.