डबीचं मखमली कव्हर

आपल्याकडे नवी वस्तू घरात आली की मागोमाग तिचं कव्हर येतं. आमच्याकडे नाही हो असं, असं म्हणणाऱ्यांनी जरा आपला रिमोट बघावा, प्लास्टिकच्या पिशवीतूनच बटणं दाबत असाल. दादरला पोर्तुगीज चर्चजवळ राहणारे हेमचंद्र राजाध्यक्ष या बाबतीत बरेच पुढे गेलेले गृहस्थ. त्यांच्याकडे फ्रिजला कव्हर, मिक्सरला कव्हर आणि सोफ्याच्या कव्हरवर जुन्या चादरीचं आणखी एक कव्हर. इंटरनेटवरून टीव्हीवर मालिका आणि सामने दाखवणारी चपटी काळी डबी घरात आली, तेव्हा त्यांच्या पत्नीने, लतिकाबाईंनी, हिंदमाताच्या कापडबाजारातून आणलेल्या मखमलीचा उरलेला तुकडा काढला आणि अस्तर, सोनेरी लेस लावून डबीला झकास कव्हर शिवलं. येणारेजाणारे आधी कव्हरचं कौतुक करत आणि मग टीव्ही बघत.

काही दिवसांनी डबी तापू लागली. ऐन रंगात आलेली मालिका थांबायची, पडद्यावर ‘उपकरण फार तापले आहे, थंड होऊ द्या’ अशी पाटी यायची आणि टीव्ही काळाठिक्कर. हेमचंद्रांनी सगळे उपाय केले. वायर काढून परत लावली. टेबलफॅन लावला. एकदा तर डबी फ्रिजमध्ये कोथिंबिरीच्या जुडीशेजारी ठेवली, तेव्हा लतिकाबाईंनी ती ओरडून बाहेर काढली. कंपनीच्या मदतक्रमांकावरच्या मुलीने विचारलं, डबीला मोकळी हवा मिळते ना? हेमचंद्र अभिमानाने म्हणाले, समोरच खिडकी आहे, थेट माटुंग्याकडून वारा येतो. एवढं बोलून त्यांनी गार झालेल्या डबीला पुन्हा कव्हर घातलं, कारण धूळ बसते.

आता डबी एवढी का चालायची, हेही सांगायला हवं. त्याला कारण त्यांचा मुलगा शंतनु.

शंतनु लोअर परळच्या एका ऑफिसात होता. तिथला त्याचा अख्खा विभागच बंद झाला आणि त्याची नोकरी गेली. त्याने घरी येऊन हे सांगायला सुरुवात केली, तेव्हा हेमचंद्रांनी पुढचं ऐकण्याआधी खिडक्या लावल्या. बिल्डिंगमध्ये कुणाला कळता कामा नये, असा निर्णय झाला. तेव्हापासून बिचारा शंतनु रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून, बॅग घेऊन वॉचमनसमोरून बाहेर पडायचा आणि चर्चला वळसा घालून मागच्या जिन्याने परत घरात. बेल वाजली की बाथरूममध्ये. त्याचा आवाज शेजारी जाऊ नये म्हणून टीव्ही दिवसभर मोठ्याने चालू. एका कंपनीने फोनवर मुलाखत घेतली, तेव्हा मालिकेतली सासू अशी हंबरडा फोडून रडली, की पलीकडच्या साहेबांनी सांत्वन केलं आणि सवडीने बोलू म्हणून फोन ठेवला. तो फोन पुन्हा आला नाही. त्या दिवशी शंतनु जेवला नाही.

अशात एका दुपारी कसोटी सामना चालू असताना समोरच्या ब्लॉकमधले विल्फ्रेड परेरा आले. हे हेमचंद्रांचे जुने मित्र. त्यांच्या घरी बायकोच्या, ॲन्टोनेटच्या, मैत्रिणी प्रार्थनेला जमल्या होत्या, म्हणून सामना बघायला ते इकडे आले. बेल वाजताच शंतनु सवयीने बाथरूममध्ये गेला. विल्फ्रेड सोफ्याच्या कव्हरच्या कव्हरवर बसले. शेवटची जोडी मैदानात, गोलंदाज धावत निघाला आणि डबीने मान टाकली. घरात एकदम शांतता पसरली. त्या शांततेत बाथरूममधून स्पष्ट, अदबीचा आवाज आला.

“येस सर, मी उद्यापासूनसुद्धा जॉइन होऊ शकतो.”

हेमचंद्र म्हणाले, प्लंबर आलाय.

विल्फ्रेड उठले, डबीजवळ गेले आणि हात लावताच त्यांनी बोटं झटकली. मग त्यांनी मखमली कव्हर सोलून काढलं, डबी फरशीवर उघडी ठेवली आणि कव्हर हेमचंद्रांच्या हातात दिलं.

“हेमू, डबीला काय झालेलं नाय रे. हिला श्वास घ्यायला जागाच नाय,” ते म्हणाले. “आता पोराला पण बाहेर काढ. बाथरूमला पंखा नाय.”

हेमचंद्रांचा चेहरा पडला. लतिकाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. विल्फ्रेड मात्र शांतपणे सांगत राहिले. अख्ख्या बिल्डिंगला कधीचं माहीत होतं. वॉचमनला तर मागचा जिनाही माहीत होता. ॲन्टोनेट रोज चर्चमध्ये शंतनुच्या नावाने मेणबत्ती लावत होती. सगळे गप्प होते ते केवळ हेमचंद्रांना वाईट वाटू नये म्हणून. विल्फ्रेडच्या मुलाची, कॉलिनची, नोकरी गेली, तेव्हा त्यांनी लिफ्टमध्ये भेटेल त्याला सांगितलं होतं, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या हितेंद्रने त्याला एका ठिकाणी चिकटवलं होतं.

“त्या हितेंद्रला आता स्वतःच्या ऑफिसात माणूस पायजे. मी शंतनुचं नाव घेणार होतो. पण घेऊ कसं? गेल्या महिन्यात तू पोराला तोंडानेच प्रमोशन दिलंस ना, सगळ्यांसमोर, सोसायटीच्या मीटिंगमध्ये.”

हे मात्र हेमचंद्रांच्या वर्मी लागलं. आपली अब्रू झाकता झाकता आपण पोराच्या पुढ्यात आलेलं ताटच ओढून घेत होतो! ते उठले आणि त्यांनी बाथरूमचं दार वाजवलं.

“शंतनु, बाहेर ये बाळा. चुकलं माझं.”

घामाने निथळणारा, इस्त्रीच्या शर्टातला शंतनु बाहेर आला. हेमचंद्रांनी त्याला पंख्याखाली बसवलं, विल्फ्रेडकडे वळून घसा खाकरला आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच मोठ्याने म्हणाले, “माझ्या मुलाची नोकरी गेलीये. तो काम शोधतोय.” बोलून झाल्यावर त्यांनी सवयीने खिडकीकडे पाहिलं. ती उघडीच होती. त्यांनी ती तशीच राहू दिली.

शंतनुने हितेंद्रची भेट घेतली आहे. नोकरीचं नक्की व्हायचं आहे, पण तो आता पुढच्या जिन्याने येतो-जातो. डबी उघड्यावर सुखाने चालते. मखमली कव्हरात लतिकाबाई चष्मा ठेवतात. हेमचंद्र मात्र दुसऱ्या टोकाला गेले आहेत, लिफ्टमध्ये कुरियरवाला भेटला तरी त्याला शंतनुची सगळी माहिती देतात.

नोकरी जाणं म्हणजे काही गुन्हा नव्हे. चार माणसांत सांगितलं तर चार माणसं मदतीला येतात, आणि लपवलं तर आपलं माणूस आतल्या आत उकडून निघतं. तेव्हा मंडळी, आज घरी गेलात की टीव्हीच्या डबीला जरूर हात लावून बघा. आणि आत जाताना बाथरूमच्या दारावरही एकदा टकटक करा.