मिटल्या डोळ्यांचं बाळ

माझ्या सुनेला उंचीची भीती वाटत नाही. मला वाटते. म्हणजे मी राहते चार हजार मीटरवर, एल आल्तो शहरात, पण ती उंची पायाखाली आहे तोवर मी तिला उंची मानत नाही. नेलिदा मात्र केबल कारच्या खांबांवर चढते. कमरेला पट्टा, हातात ग्रीसची बंदूक, खाली अख्खं ला पास शहर पसरलेलं, आणि ही बया वरून मला फोन करून विचारते, आई, येताना बटाटे आणू का. माझ्या मुलाने, रेम्बेर्तोने, हिला पहिल्यांदा घरी आणलं तेव्हा मी म्हटलं होतं, ही काही टिकायची नाही. त्याला अकरा वर्षं झाली. माझी भाकितं अशीच असतात.

मी बोटभर वस्तू करते. प्लास्टरच्या, टिनच्या. चोवीस जानेवारीच्या जत्रेत आमची दुकानं लागतात. ज्याला घर हवं त्याने बोटभर घर न्यायचं, ज्याला गाडी हवी त्याने गाडी, पदवी हवी त्याने पदवीचा कागद. दुपारी बाराच्या ठोक्याला त्याला धूप दाखवायचा, पाकळ्या टाकायच्या, दारूचे दोन थेंब शिंपडायचे, आणि वर्षभरात खरी वस्तू दारात. अट एकच, स्वतःसाठी स्वतः घ्यायचं नाही. दुसऱ्याने घेऊन दिलेलंच फळतं. जत्रेचं नावच मुळी अलासिता, आमच्या आयमारा भाषेत ‘घे ना माझ्याकडून’. चाळीस वर्षं तो शब्द ओरडून माझा घसा बसलाय.

नेलिदाला मूल होईना. सहा वर्षं झाली तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं, नळ्या बंद आहेत, टेस्ट ट्यूब हाच रस्ता, आणि त्यासाठी सांता क्रूसला जा. सांता क्रूस म्हणजे खाली, गरम मुलखात, विमानाने. तिने मान हलवली आणि कामाला लागली. आधीचे दहा दिवस रोज संध्याकाळी सातला पोटात सुई टोचायची होती. एकदा सात वाजले तेव्हा ती केबल कारच्या स्टेशनातल्या अवजारांच्या खोलीत होती. पाने-पकडींच्या मधे बर्फाचा डबा ठेवून तिने स्वतःची सुई स्वतः टोचली, शर्ट खाली ओढला आणि परत कामाला. मला शिवणाची सुई टोचली तरी मी तासभर कण्हते.

सांता क्रूसला पहिले तीन दिवस रेम्बेर्तो सोबत होता. तो वेल्डिंग करतो, त्याला तेवढीच रजा. ज्या दिवशी गर्भ आत ठेवायचा त्या दिवशी कुणीतरी तिच्यापाशी हवं होतं, म्हणून जाण्याआधीच तिने मला विचारलं, आई, तुम्ही याल का. मी तिला सतरा कारणं सांगितली. विमानात माझा जीव जाईल, तिथल्या उकाड्यात रक्त पातळ होतं, ऑर्डरी पडल्यात, गुडघा दुखतोय. आणि गुडघा तर त्या दिवशी अजिबात दुखत नव्हता. ती म्हणाली, बरं. मी जानेवारीत तिला प्लास्टरचं बाळ दिलं होतं, दुपट्यात गुंडाळलेलं. तेच कापसात बांधून तिच्या पिशवीत ठेवलं आणि मोठं काम केल्यासारखी दारात उभी राहून हात हलवला.

दोन गर्भ तयार झाले होते. एक आत ठेवला, दुसरा तिथेच गोठवून ठेवला. ती एकटी गेलेली, एकटी परत आली. मग बारा दिवस वाट बघायची होती. त्या बारा दिवसांत घरात कुणी दार आपटलं नाही.

नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी मी साच्यांत प्लास्टर ओतत होते. नेलिदा गणवेशातच दारात येऊन उभी राहिली. रक्ताचा रिपोर्ट आला होता.

“आई, नाही झालं.”

माझ्या हातातलं भांडं तसंच राहिलं. ती म्हणाली, ओता, नाहीतर ते भांड्यातच घट्ट होईल. आणि वाकून साचे धरून बसली. सगळे चाळीस साचे भरेपर्यंत तिने धरले. मी म्हटलं, अगं राहू दे, जा, पड जरा. ती म्हणाली, हातांना काहीतरी हवंय. संध्याकाळी रेम्बेर्तो आला तेव्हा मात्र अंगणातल्या नळापाशी दोघं मोठमोठ्याने रडली, शेजारपाजाऱ्यांची पर्वा न करता. मी आत बसून सूप तीनदा गरम केलं. मलाही रडायचं होतं, पण सासूने आधी कशाला रडायचं असं वाटून गप्प बसले. एक दिवस ती घरी राहिली आणि गुरुवारी पुन्हा खांबावर चढली.

त्याच आठवड्यात सातुर्निनाबाई रंग उसना मागायला आली. जत्रेत तिचं दुकान माझ्या शेजारी असतं आणि तिचं नाक माझ्या दुकानात असतं. फळीवर गेल्या वर्षीची उरलेली बाळं होती. तिने त्यांतलं एक उचललं, फिरवून पाहिलं आणि म्हणाली, “असलंच दिलंस होय सुनेला? अगं, हे झोपलंय की. झोपलेलं बाळ येईल कसं?”

जळली मेली तिची जीभ. मी तिला दोन शब्द सुनावले आणि रंग न देता वाटेला लावलं. पण ती गेल्यावर मी ते बाळ हातात घेऊन बसले. खरंच डोळे मिटलेले होते. उघडे डोळे रंगवायला दोन रंग लागतात, बारीक कुंचला लागतो, आणि हल्ली माझा हात थरथरतो. मिटलेल्याला एक वाकडी रेघ पुरते. आळस केला मी. दुसऱ्यांच्या घरांना खिडक्यांचे पडदेसुद्धा रंगवून देणारी बाई मी, आणि घरच्याच बाळाला रेघ ओढून मोकळी झाले. तीन दिवस मला घास गिळवेना.

चौथ्या दिवशी सकाळी दोघं कामावर गेली असं बघून मी त्यांच्या खोलीत शिरले. कपाटावरून बाळ उतरवलं आणि खिडकीत बसून त्याचे डोळे उघडायला घेतले. हात असला थरथरला की एक डोळा झाला बटणाएवढा आणि दुसरा मसुरीएवढा. ते बाळ भूत पाहिल्यासारखं माझ्याकडे बघायला लागलं. तेवढ्यात मागून आवाज आला, आई, काय करताय. तिची त्या दिवशी दुपारची पाळी होती, आणि ती फक्त दूध आणायला गेली होती.

मी सगळं सांगून टाकलं. सातुर्निना, मिटलेले डोळे, आळस, माझं पाप. नेलिदाने बाळ हातात घेतलं, त्याच्याकडे पाहिलं, आणि हसत सुटली. आठवड्याभरात पहिल्यांदा हसली, तेही भिंतीला टेकून, पोट धरून. मग डोळे पुसत खाली बसली.

“आई, तो गर्भ साबुदाण्याच्या दाण्याहून लहान होता. त्याला डोळे फुटायला अजून कितीतरी आठवडे होते. तो वाढायचा थांबला. डॉक्टर म्हणाले, असं पुष्कळदा होतं, त्यात कुणाची चूक नसते. तुमच्या कुंचल्याने काय बिघडणार?”

मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. कारण डोळ्यांचं नुसतं निमित्त होतं, आणि ते मला आतून माहीत होतं. मी म्हटलं, “मी आले नाही तुझ्याबरोबर.”

दुसरी कुणी असती तर म्हणाली असती, छे, त्याचं काय एवढं.

“हो,” ती म्हणाली. “ते मात्र लागलं मला. तिथे सोबतीच्या माणसासाठी एक खुर्ची असते. सगळ्यांच्या खुर्च्या भरलेल्या होत्या. मी तुमचं बाळ काढून खुर्चीवर ठेवलं.”

मग मी रडले. सासूबिसू विसरून रडले. तिने मला रडू दिलं, समजूत घातली नाही, आणि तेही मला बरं वाटलं. थोड्या वेळाने तिने भिंतीवरचं जुनं कॅलेंडर काढलं, उलटं केलं आणि त्यावर चौकोन आखायला लागली. कामावर ते असेच कागद भरतात. केबल थांबली, ती म्हणाली, की आम्ही शिव्या देत बसत नाही, खालून वर एकेक भाग तपासत जातो. पहिला चौकोन डिसेंबरचा, त्यात गर्भाशयात दुर्बीण घालून बघायचं की काही अडथळा आहे का. दुसरा जानेवारीचा, त्यात फक्त झोप, जेवण आणि कुणी विचारलं तर “विश्रांती चालू आहे” एवढंच सांगायचं. तिसरा फेब्रुवारीचा, त्यात पुन्हा सांता क्रूसला जाऊन तो गोठवलेला गर्भ आत ठेवायचा. त्याखाली तिने जाड रेघ मारली.

मी विचारलं, ही कसली रेघ. ती म्हणाली, तेव्हाही नाही झालं तर इथे थांबायचं. मूल दत्तक घ्यायचं की दोघांनीच राहायचं ते मग ती आणि रेम्बेर्तो बसून ठरवतील, पण शरीराला आणखी त्रास नाही. हे तिने इतक्या साध्या आवाजात सांगितलं की मी तिच्या हातांकडे बघत राहिले. नखांत ग्रीस होतं आणि रेघ सरळ होती. माझ्याच्याने अशी रेघ मारवली नसती, आशेलाही नाही आणि दुःखालाही नाही.

मी म्हटलं, या जानेवारीला तुला चांगलं टक्क डोळ्यांचं बाळ करते, सातुर्निनाची वाचा बसेल असं.

“बाळ नको,” नेलिदा म्हणाली. “पेटी करा, प्रवासाची. बाळ होणं माझ्या हातात नाही, आई. जाणं आहे.”

डिसेंबरात दुर्बिणीने पाहिलं, आत सगळं स्वच्छ होतं. तिने पहिल्या चौकोनात बरोबरची खूण केली. मी टिन कापायला घेतलं. बोटभर पेटी, पितळी तारेची मूठ, उघडझाप होणारी कडी, आत लाल कापडाचं अस्तर. एवढं बारीक काम मी दहा वर्षांत केलं नव्हतं. हात थरथरला की थांबायचं, थांबला की करायचं. एक झाली. मग दोन दिवस मी नुसती तिच्याकडे बघत बसले, आणि तिसऱ्या दिवशी आणखी एक पत्रा कापला.

चोवीस तारखेला बाराला दहा मिनिटं असताना रेम्बेर्तो गर्दीतून वाट काढत आला, कपाळावर वेल्डिंगचा चष्मा तसाच. त्याने माझ्याकडून पेटी विकत घेतली आणि नेलिदाच्या हातात ठेवली. तिने कडी उघडली, मिटली, पुन्हा उघडली. सातुर्निना मान लांब करून बघत होती. बघू दे म्हटलं.

मी फडक्याखालून दुसरी पेटी काढली. तीही तशीच, फक्त अस्तर हिरवं, आणि झाकणावर जाड्या कुंचल्याने माझं नाव लिहिलेलं, प्रिमितिव्हा. नेलिदाने नाव वाचलं, माझ्याकडे पाहिलं. स्वतःचं स्वतः घेता येत नाही, हे तिला मी सांगायला नको होतं. चाळीस वर्षं तो शब्द मी गर्दीवर ओरडतेय, या वेळी वाकून तिच्या एकटीला सांगितला.

“अलासिता,” मी म्हटलं. “घे ना माझ्याकडून. आणि मला दे.”

तिने खिशातून नाणं काढून माझ्या एका हातात ठेवलं आणि पेटी उचलून दुसऱ्या हातात. म्हणाली, खिडकीशी तुम्ही बसा. मी म्हटलं, मुळीच नाही, खिडकीशी तू बस, मी डोळे मिटून बसणार.

बाराचे ठोके पडले तेव्हा आम्ही दोघी हातातल्या पेट्या पुढे धरून धुपाच्या रांगेत उभ्या होतो, आणि मला आत्तापासूनच उकडायला लागलं होतं.