दुसरं वाक्य

कवळ्यांच्या कारखान्यात तिला सगळे कवळीवाली म्हणत आणि गल्लीत तपस्व्याची बायको. पहिलं नाव तिने स्वतःच्या हातांनी कमावलं होतं. मेणात एकेक दात बसवायचा, साच्यातून निघालेली गुलाबी हिरडी घासून गुळगुळीत करायची आणि अनोळखी म्हातारा पुन्हा पोळी चावू शकेल अशी कवळी डब्यात भरून पाठवायची. त्या कामात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. दुसऱ्या नावाने कुणी हाक मारली की मात्र तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

"किती भाग्यवान तुम्ही! घरात एवढा मोठा तपस्वी!" शेजारणी म्हणायच्या.

"घरात कुठे? घरात असता तर गॅसचं सिलिंडर तरी बदललं असतं," ती म्हणायची, आणि शेजारणींची तोंडं एवढीएवढीशी व्हायची.

अकरा वर्षांपूर्वी एका सकाळी नवरा चहा अर्धा टाकून उठला आणि मठात निघून गेला. भांडण नाही, तंटा नाही, व्यसन नाही. त्याला म्हणे ब्रह्मचर्याची हाक आली होती. हाक त्याला आली आणि गप्प हिला बसावं लागलं! तेव्हापासून त्याच्या ब्रह्मचर्याला लोक पाया पडायला येत होते. हिचंही ब्रह्मचर्यच चालू होतं की, त्याच दिवसापासून, तेवढंच कडक. पण त्याला कुणी तप म्हणत नव्हतं. त्याला अब्रू म्हणत होते, आणि अब्रूवर सगळी गल्ली पहारा देत होती. दुकानात दोन मिनिटं जास्त लागली तरी समोरच्या खिडकीचा पडदा हलायचा.

घर मठाचं होतं. दोन खोल्या आणि मागे मोरी. तपस्व्याच्या कुटुंबाने शीलाने राहायचं, तोवर घर त्यांचं. त्या घरात ती आणि सासू. सासू खुब्याचं हाड मोडून बसलेली, जिभेला मात्र काही झालेलं नव्हतं. तिला उठवायचं, न्हाऊ घालायचं, गोळ्या द्यायच्या, मग कारखाना, मग परत येऊन तेच. ज्याची आई तो डोळे मिटून ध्यान करत होता.

खुबा मोडला त्या दिवशी अँब्युलन्स घेऊन जो आला, त्याला कारखान्यातल्या पोरी पुढे सायरन म्हणायला लागल्या. विधुर, पन्नाशीकडे झुकलेला, पोट थोडं सुटलेलं. त्याने सासूला उचलताना विचारलं होतं, "आजी, खड्ड्यातून नेऊ की खड्ड्यावरून?" आणि एवढ्या दुखण्यातही म्हातारी हसली होती. नंतर तो चौकशीला आला. मग येतच राहिला, कधी वॉकर दुरुस्त करायला, कधी नुसताच. महिन्यांमागून महिने गेले आणि एक दिवस कारखान्याच्या फाटकाशी त्याने कवळीवालीला सरळ विचारलं, लग्न करशील का.

ती रडली. मग चिडली. "माझं लग्न झालेलं आहे ना, एका दगडाशी!"

"कोर्टात जाऊ. कोर्ट एका झटक्यात मोकळं करेल."

"मला करेल रे. म्हातारीचं काय? मी गेले की दुसऱ्या दिवशी मठ तिचं सामान रस्त्यावर ठेवेल. शील बाटलं म्हणतील. तुझी खोली तिसऱ्या मजल्यावर, तिला जिना चढवायचा कसा? आणि ती येणारही नाही. मुलाच्या घरातच मरायचं म्हणते."

सायरनने डोकं खाजवलं आणि थांबतो म्हणाला. तो थांबला. पण थांबून थांबून माणूस किती थांबणार, हा घोर तिला लागला होता. एवढं एकच तिला आयुष्यात स्वतःसाठी हवं होतं आणि तेही ह्या दाढी वाढवलेल्या ब्रह्मचाऱ्याच्या पायाखाली अडकलेलं.

आणि मग मठातून शिष्य आला. तपस्व्याची अंतिम दीक्षा ठरली होती. मठाचा रिवाज असा, की लग्न झालेल्या माणसाला अंतिम दीक्षा मिळायची तर त्याच्या बायकोने भरसभेत दोन वाक्यं बोलायची. पहिलं, 'मी यांना आनंदाने सोडते.' दुसरं, 'यांचं व्रत मीही आजन्म पाळीन.' शिष्याने तिला कुठे उभं राहायचं, माईक कसा धरायचा, सगळं समजावलं. एक गोष्ट सोडून. तिला हे मान्य आहे का, ते त्याने विचारलंच नाही. आधी विचारणं हा बायकोच्या निष्ठेचा अपमान, असं मठात मानत.

"आणि मी नाही म्हटलं तर?" तिने विचारलं.

शिष्य हसला. "तसं कधी झालेलं नाही, ताई. नियम आहे तसा. बायकोने दोन्ही वाक्यं म्हटली नाहीत तर दीक्षा रद्द, आणि ती म्हणेपर्यंत त्याने घरी जाऊन राहायचं. पण कोण म्हणेल नाही?"

तो गेल्यावर ती सासूपाशी बसली. "आई, स्पष्ट सांगते. पहिलं वाक्य मी म्हणणार. अगदी आनंदाने म्हणणार. दुसरं नाही म्हणणार. त्यांना मोकळं व्हायचंय ना, मग मलाही मोकळं करू देत, सगळ्यांसमोर, म्हणजे मठ तुम्हाला हात लावणार नाही."

 मुलगा तपस्वी झाल्याचा सासूला तोरा होता, पण गेल्या अकरा वर्षांत त्याने तिची विचारपूसही केली नव्हती, हेही ती विसरली नव्हती. ती म्हणाली, "मला पुढच्या रांगेत बसव. आणि तमाशा करायचाच तर मोठ्याने कर. मला कमी ऐकू येतं."

सभागृह माणसांनी फुललं होतं. सायरनने म्हातारीला अँब्युलन्समधून आणून चाकाच्या खुर्चीत पुढे बसवलं आणि स्वतः बाहेर गाडीशी थांबला. व्यासपीठावर वेगवेगळ्या धर्मांचे मोठे लोक बोलावले होते. विषय होता शील. तपस्वी मधोमध, पांढऱ्या वस्त्रांत, डोळे अर्धे मिटून. चांगलाच गरगरीत झाला होता. तपाने माणूस वाळतो असं तिने ऐकलं होतं.

काळ्या झग्यातले गृहस्थ म्हणाले, आमच्यात कौमार्य म्हणजे देवाला वाहिलेलं अखंड पात्र. ती मनात म्हणाली, पात्र घासणारी कोण ते नाही सांगितलं. मुंडण केलेले भिक्षू म्हणाले, वासना म्हणजे खारं पाणी, प्यावं तितकी तहान वाढते. दाढीवाले विद्वान म्हणाले, आमच्यात लग्न सोडून पळायला सांगितलेलं नाही, नजर खाली घालायला सांगितलंय, आणि ते आधी पुरुषाला. हे तिला पटलं. तिने टाळ्यासुद्धा वाजवल्या. पण पुढचा सगळा वेळ ते बायकांच्या कपड्यांवरच बोलले आणि तिने हात मांडीवर ठेवून दिले. सगळे धर्म वेगळे, देव वेगळे, पुस्तकं वेगळी, पण फिरून फिरून गाडी येऊन थांबायची ती बाईच्या उंबऱ्याशीच! तिच्या अंगाचा नुसता तिळपापड होत होता.

शेवटी एका वृद्ध जोगिणीला बोलायला दिलं. ती लहानखुरी, करड्या वस्त्रांतली, केस पिंजारलेली होती. "मी हे व्रत घेतलं तेव्हा मला कुणी सांगितलं नव्हतं," ती म्हणाली. "उलट आईने अन्न सोडलं होतं. माझं मी घेतलं म्हणून ते आजवर गोड लागतं. दुसऱ्याच्या गळ्यात बांधलं तर त्याला व्रत म्हणत नाहीत." एवढंच बोलून ती खाली बसली. टाळ्या फारशा पडल्या नाहीत.

मग मठाच्या वडील गुरूंनी कवळीवालीला वर बोलावलं. तिने माईक धरला.

"मी यांना आनंदाने सोडते," ती खणखणीत म्हणाली. सभा हेलावली. बायका डोळे पुसू लागल्या.

"आणि?" गुरू हसून म्हणाले.

"आणि काही नाही. दुसरं वाक्य मी म्हणणार नाही."

गुरूंना वाटलं ती विसरली. त्यांनी हळूच वाक्य सांगितलं.

"पाठ आहे मला. पण व्रत यांनी घेतलं, मी नाही. मला दुसरं लग्न करायचंय. यांनी एवढंच म्हणावं, की ही बाई मोकळी आहे आणि हिच्या सासूचं घर कुणी काढून घेणार नाही. मग तुमची दीक्षा तुम्हाला लखलाभ."

सभागृहात एकच गलका झाला. कुणी 'शी शी' म्हणालं, कुणी 'निर्लज्ज' म्हणालं. पुढच्या रांगेतून सासूचा आवाज आला, "मोठ्याने!" तिने पुन्हा मोठ्याने सांगितलं.

गुरू घाम पुसत तपस्व्याकडे वळले. माणूस व्यवहारी होता. दीक्षा रद्द झाली तर मठाचं नाक कापलं जाणार होतं. "तपस्वी, तुम्ही संसार सोडलात. ही स्त्री तुमची कुणी लागत नाही. म्हणा, मोकळी आहे. दुसऱ्या वाक्याशिवाय चालवून घेऊ."

माईक तपस्व्याच्या हातात गेला. त्याने डोळे पूर्ण उघडले, अकरा वर्षांत पहिल्यांदाच बहुतेक.  मान लाल झाली.

"बोला ना," ती म्हणाली. "घर सोडलंत, आई सोडलीत, जिभेची चव सोडलीत म्हणतात. मी एकटीच जड जाते होय?"

"ही माझी पत्नी आहे," तपस्वी म्हणाला. आवाज कापत होता, पण रागाने. "माझी पत्नी दुसऱ्या पुरुषाकडे जाणार नाही. मी जिवंत असताना तरी नाही."

"अहो, पण दीक्षा!" गुरू कुजबुजले, ते माईकमधून सगळीकडे गेलं.

"दीक्षा राहू दे. मी घरी जातो."

जोगीण कपाळावर हात मारून खदखदा हसायला लागली. तिला आवरता आवरेना. आणि सभेने काय करावं? सभा उठून उभी राहिली! कुणीतरी ओरडलं, पत्नीच्या शीलासाठी याने मोक्षावर पाणी सोडलं, याहून मोठा त्याग कुठला! लोक त्याच्यावर फुलं उधळायला लागले. कवळीवाली बाजूला माईकच्या वायरीत पाय अडकून उभी, तिला कुणी वाट देईना. तिला त्या सगळ्यांची शिसारी आली. एकेकाच्या तोंडातली कवळी ओढून काढावीशी वाटली, त्यांतल्या कितीतरी तिनेच केल्या होत्या.

पण गुरू रडवेल्या चेहऱ्याने नियम वाचून दाखवत होते. याने घरी परत जायचं, घर सांभाळायचं, बायको दोन्ही वाक्यं म्हणेपर्यंत परत यायचं नाही. ती एकदम शांत झाली. नियम तिने पुन्हा नीट ऐकला, शब्द न् शब्द.

"चला तर मग," ती म्हणाली.

अँब्युलन्समध्ये ती पुढे बसली. सासूला मागे स्ट्रेचरवर निजवलं आणि तपस्वी फुलांसकट तिच्या बाजूला अरुंद बाकावर. सायरन चेहरा पाडून गाडी चालवत होता. दाराशी आल्यावर ती त्याला म्हणाली, "गाडी बंद करू नकोस हां. दोन मिनिटांत येते."

तिने आणि सायरनने सासूला घरात नेऊन पलंगावर ठेवलं. सायरन बाहेर गाडीशी गेला. तिने कपाटातून आपले कपडे काढले, कारखान्यातली घासायची हत्यारं घेतली आणि पिशवी भरली.

"हे काय चाललंय?" तपस्वी म्हणाला.

"जाते मी."

"कुठे जातेस? मला घरी राहायला सांगितलंय!"

"तुम्हाला सांगितलंय. मला कुणी काही सांगितलेलं नाही. घर आता मठ काढून घेणार नाही, मठाच्या नियमानेच तुम्हाला इथे धाडलंय ना. आणि आईंना सांभाळायला मुलगा आहे. मी कशाला हवी?" तिने ओट्यावरच्या डब्याकडे बोट केलं. "पांढऱ्या गोळ्या जेवणाआधी, पिवळी नंतर. पाणी सकाळी लवकर येतं, भरून ठेवा. आणि ती दोन वाक्यं मी कधी म्हणेन याची वाट बघू नका."

"लोक काय म्हणतील? माझी बायको..."

"सांगा, हाक आली म्हणावं."

मग ती सासूच्या पलंगाशी वाकली. "आई, रविवारी येईन. रागावलात?"

"रागावले तर काय तू थांबणार आहेस?" म्हातारीचे डोळे भरले होते, पण तिने मान झटकली. "जा गं बाई, जा. तो बिचारा बाहेर पेट्रोल जाळतोय."

ती बाहेर पडली. दार लागल्याचा आवाज झाला, मग गाडी गेल्याचा. तपस्वी खोलीच्या मधोमध तसाच उभा. सासू पलंगावरून ओरडली.

"अरे, उभा काय राहिलास खांबासारखा? मला मोरीत ने. धर, काखेत हात घाल."

तो दोन पावलं मागे सरला. "आई, मला... आम्हाला स्त्रीला स्पर्श करायची..."

"मी आई आहे रे तुझी," म्हातारी म्हणाली. "लवकर कर. मला दम धरवत नाही."