पिसांच्या मैफलीतली पेटी

मान खाली घालून मोबाइल बघणारे, अहो तुम्हीच! इकडे बघा. मी पेटी बोलतेय. हार्मोनियम म्हणालात तरी ओ देईन. शिक्षण साडेतीन सप्तकं. पुढच्या वर्गात कुणी घातलंच नाही. मला मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर अलगद घसरत जाणं, येत नाही, असं मोठे गवई म्हणतात. त्यांनाही पुष्कळ काही येत नाही, पण मी कुठे बोलते?

बिबवेवाडीत विमलाबाईंच्या गाण्याच्या क्लासात मी चाळीस वर्षं काढली. 'सा' लावायला आलेली पोरं 'सा' सोडून बाकी सगळं लावून गेली. टिकली एक ऋतिका. बारा वर्षं शिकली आणि एक दिवस म्हणाली, "बाई, मी कार्यक्रम बसवतेय. ख्याल आणि कॅबरे एकत्र. विनोदी."

"पिसंबिसं लावून?"

"हो."

"ही पेटी घेऊन जा. पण तिथे माझं नाव घ्यायचं नाही."

पोरीचा चेहरा पडला. आमच्यात गुरूची बंदिश गाण्याआधी कानाला हात लावून गुरूचं नाव घेतात. नावाविना गायचं म्हणजे गाणं पोरकंच की!

मला वाजवायला धायरीच्या भजनी मंडळातला बजरंग आला. ऋतिकाचा चमचमता झगा बघून कानापर्यंत लाल झाला. "ताई, तुमी खुशाल नाचा. आपली नजर पेटीवरच हाय."

पहिल्या प्रयोगाला थिएटर भरलं. ऋतिकानं पिसं सावरत मांडी घातली आणि विलंबित ख्याल धरला, 'गाडी कहाँ लगाऊँ, सखी री'. एकेक आवर्तन इतकं सावकाश, की तेवढ्यात लक्ष्मी रोडलासुद्धा पार्किंगला जागा मिळाली असती. द्रुत लयीत ती उठून नाचली, तशा शिट्ट्या पडल्या. आणि तिसऱ्या रांगेत, तोंडावर पदर धरून, चोरून हसत कोण? विमलाबाई! ऋतिकाला दिसल्या नाहीत, मला दिसल्या.

मग बाईंची बंदिश आली. ऋतिकानं कानाला हात लावला, ओठ उघडले आणि तसेच मिटले. डोळे भरले.

तेव्हा मी खोडी काढली. पंचमाची पट्टी घट्ट धरून ठेवली. भाता हलला की भोंगा!

बजरंगला घाम फुटला. "पट्टी अडकली! आता ओ?"

"डावीकडनं उचल ना!" तिसऱ्या रांगेतून आवाज आला, आणि पाठोपाठ बाईच रंगमंचावर. अंबाड्यातला आकडा काढून त्यांनी पट्टी वर केली.

मागून कुणीतरी विचारलं, "आजी, आपण मेकॅनिक का?"

"हिची गुरू." बाई माइकवरच बोलल्या. "आणि ऋतिका, नुसता कानाला हात काय लावतेस? लोकांना वाटेल कान दुखतोय. नाव घे!"

"तुम्हीच नको म्हणाला होतात..."

"म्हणाले होते. आता घे म्हणतेय."

ऋतिकानं नाव घेतलं. रडत, हसत, नाकात गेलेलं पीस काढत. मग अशी गायली, की शिट्टी मारणारेसुद्धा गप्प.

हल्ली बाई दर प्रयोगाला विंगेत बसतात आणि सम चुकली की तिथूनच डोळे वटारतात. मी मजेत आहे.

एकच विनंती. तुमच्या माळ्यावर माझी एखादी बहीण चादरीत गुंडाळून ठेवली असेल, तर तिला खाली उतरवा. भाता हलवा. आधी जरा खोकेल. खोकू द्या. म्हातारीला अजून पुष्कळ बोलायचं असतं.